प्रॉक्सी बसवली खरी, पण आत निरोप काय गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी ॲप केलंय. चलनं, हीटनुसार (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला माल) तपासणीचे रिपोर्ट, कास्टिंगचे फोटो असं सगळं त्यात आहे. ॲप नोडमधलं, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधलं, ३००० पोर्टवर चालतं. पुढे उबुंटू २४.०४ वर इंजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून बसवलाय. पहिलं पान उघडतं, पण /एपीआय/ खालच्या काही लिंकांना ४०४ (‘सापडलं नाही’) येतो. एचटीटीपीएस चालू केल्यापासून लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान समोर. पासवर्ड बदलायच्या मेलमध्ये १२७.०.०.१ ची, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्याची, लिंक जाते. मोठा फोटो चढत नाही आणि महिन्याचा रिपोर्ट काढला की मिनिटभरानं ५०४ (‘आतून वेळेत उत्तर नाही’). नेटवर सापडल्या तेवढ्या ओळी चिकटवून झाल्या, नुकताच रिपोर्टचा टाइमआऊटही वाढवलाय, बाकी फरक शून्य.

भावा, आधी त्या चिकटवलेल्या ओळी सगळ्या काढून टाक. तुझी फाईल मी वाचली. त्यात पाच वेगवेगळ्या लोकांचे पाच वेगवेगळे आजार आणि त्यांची औषधं एकत्र कालवलेली आहेत. त्यातली निम्मी तुला लागू नाहीत आणि दोन तर एकमेकींना मारतात.

प्रॉक्सी म्हणजे फौंड्रीच्या गेटवरचे मामा. बाहेरून गाडी येते, मामा तिला आत सोडत नाहीत. ते फोन उचलून आतल्या स्टोअरला सांगतात, ‘गाडी आलीय, अमुक माल हाय.’ आतून उत्तर आलं की तेच बाहेर गाडीवाल्याला सांगतात. स्टोअरवाल्याला गाडी दिसत नाही, फक्त मामांचा आवाज ऐकू येतो. गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, तो पुढच्या गेटनं आला की मागच्या, यातलं मामांनी जेवढं सांगितलं तेवढंच आत कळतं. तुझे पाचही प्रॉब्लेम इथलेच आहेत: निरोप आत जाताना काहीतरी बदललं, काहीतरी गळलं, किंवा मामा वाट बघून कंटाळले. म्हणून सेटिंग बदलायच्या आधी आत नेमका काय निरोप जातोय ते डोळ्यांनी बघायचं. सतरा वर्षं हे काम करतोय, पण अजूनही मी अंदाजानं सुरुवात करत नाही.

बघायचं कसं? चालू साईटला हात लावू नकोस. इंजिनएक्सच्या फाईलमध्ये ८०८१ पोर्टसाठी ‘सर्व्हर’ नावाचा एक छोटा ब्लॉक लिही, तो फक्त १२७.०.०.१ वर ऐकणारा. त्यात तुझा /एपीआय/ चा भाग जसाच्या तसा उतरव, फक्त ३००० च्या जागी ९००० घाल. मग एका खिडकीत ‘एनसी -एल ९०००’ म्हणून नेटकॅट (पोर्टवर आलेलं जसंच्या तसं दाखवणारं छोटं टूल) ऐकत बसव. दुसऱ्या खिडकीतून कर्लनं, म्हणजे कमांडवरून पान मागणाऱ्या टूलनं, ८०८१ ला /एपीआय/हीट/२०४ माग. (नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाईलमध्ये अर्थात इंग्रजीच.) नेटकॅटच्या खिडकीत असं काहीतरी उमटेल:

गेट /हीट/२०४ एचटीटीपी/१.०
होस्ट: १२७.०.०.१:९०००
कनेक्शन: क्लोज
युजर-एजंट: कर्ल
ॲक्सेप्ट: */*

नेटकॅट उत्तर देत नाही, त्यामुळे कर्ल लटकून राहील. कंट्रोल-सी मार. या पाच ओळींकडे मात्र नीट बघ. बाहेरून /एपीआय/हीट/२०४ मागितलं होतं, आत गेलं /हीट/२०४. बाहेरून आलेलं होस्टचं नाव पुसून इंजिनएक्सनं प्रॉक्सी_पासमधला, म्हणजे निरोप आत कुठे द्यायचा त्या ओळीतला, पत्ता तिथे घातला. मागणी कुणी केली, ती एचटीटीपीएसवरून आली का, याचा पत्ताच नाही. आणि एचटीटीपीची आवृत्ती १.०. तुझ्या पाचपैकी तीन तक्रारी इथेच छापून आल्या.

पहिली गोष्ट, तो ४०४. तुझी ओळ अशी आहे: लोकेशन (नियम कुठल्या रस्त्याला लागू ते) /एपीआय/ आणि आत प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००/. शेवटचा तो तिरका दांडा म्हणजे स्लॅश दिसतोय? सगळी गोम त्यात आहे. पोर्टनंतर काहीही नसेल तर इंजिनएक्स बाहेरून आलेला रस्ता जसाच्या तसा आत पाठवतो. पोर्टनंतर काहीही असलं, नुसता एक स्लॅश असला तरी, त्याला वाटतं की लोकेशनशी जुळलेला तुकडा कापून त्या जागी हे घालायचंय. म्हणून स्लॅशसकट /एपीआय/हीट/२०४ चं /हीट/२०४ होतं. स्लॅशशिवाय ते /एपीआय/हीट/२०४ च राहतं. आणि लोकेशन /एपीआय असं बिनस्लॅशचं लिहून प्रॉक्सी_पासला स्लॅश ठेवलास तर आत जातं //हीट/२०४. दोन स्लॅश. एखादं ॲप ते चालवून घेतं, एखादं ४०४ देतं, आणि माणूस दिवसभर डोकं धरून बसतो.

तू म्हणशील, माझे राऊट (ॲपनं ओळखायचे रस्ते) तर /हीट असेच आहेत, मग कापलेलंच बरं की. पण तुला ‘काही’ लिंकांनाच ४०४ येतोय, सगळ्यांना नाही. त्या ‘काही’ कुठल्या ते मी तुझ्या यादीत बघितलं. ४०४ येणाऱ्या सगळ्या चलनांच्या लिंका आहेत, हीटची एकही नाही. आपल्याकडच्या कारखान्यात चलन नंबर कसा असतो? २४-२५/०११७. आर्थिक वर्ष, मध्ये स्लॅश, पुढे आकडा. तुझं ॲप लिंक करताना त्या मधल्या स्लॅशचं %२एफ असं सांकेतिक रूप करतं, ते बरोबरच आहे. पण प्रॉक्सी_पासला पुढे रस्ता जोडलेला असला की इंजिनएक्स आधी आलेला पत्ता उलगडून सरळ करून घेतो आणि मग कापाकापी करतो. त्या उलगडण्यात %२एफ चा पुन्हा साधा स्लॅश होतो. आत जातं /चलन/२४-२५/०११७. तुझ्या राऊटला चलनापुढे एकच तुकडा अपेक्षित आहे, इथे दोन आले. म्हणून ४०४. हीट नंबर साधा आकडा असल्यामुळे तिथे काही बिघडत नाही.

उपाय: प्रॉक्सी_पासच्या शेवटचा स्लॅश काढ आणि ॲपमध्ये सगळे राऊट /एपीआय खाली बसव. एक्स्प्रेसमध्ये, म्हणजे तुझ्या नोडच्या फ्रेमवर्कमध्ये, ते एका ओळीचं काम आहे. मी स्वतः नेहमी हे शेपूट कापूनच ठेवतो. पत्त्याचं जे काय करायचं ते ॲपनं करावं, मामांनी चलनाच्या नंबरात हात घालू नये. कुणी म्हणेल रिराईट (पत्ता बदलायची इंजिनएक्सची ओळ) वापरून पण होतं. होतं की. पण तिथेही उलगडलेलाच पत्ता हातात येतो आणि हाच घोळ पुन्हा घरात येतो.

आणखी एक बारीकसा सापळा सांगून ठेवतो, पुढेमागे अडशील. लोकेशन /एपीआय/ असं स्लॅशनं संपणारं असेल आणि कुणी नुसतं /एपीआय मागितलं, तर इंजिनएक्स स्वतःहून ३०१ देऊन स्लॅशवाल्या पत्त्यावर पाठवतो. ब्राउझरमध्ये चालून जातं. पण कुणी तिथे पोस्ट केलं असेल तर ३०१ नंतर बहुतेक ब्राउझर तेच गेट करून पाठवतात आणि पाठवलेला डेटा वाटेतच सांडतो.

आता लॉगिन आणि मेल. यात गळलेला निरोप आहे. उबुंटूच्या इंजिनएक्सबरोबर /ईटीसी/इंजिनएक्स/प्रॉक्सी_पॅराम्स नावाची एक छोटी फाईल आधीच येते आणि निम्म्या लोकांना ती असते हेच माहीत नसतं. तिच्यात चार हेडरच्या, म्हणजे निरोपाबरोबर आत जाणाऱ्या चिठ्ठ्यांच्या, ओळी आहेत: होस्ट, एक्स-रिअल-आयपी, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. लोकेशनमध्ये ‘इन्क्लूड प्रॉक्सी_पॅराम्स’ एवढं लिही आणि नेटकॅट पुन्हा लाव. आता होस्टसमोर कर्लनं मागितलेला पत्ता, म्हणजे १२७.०.०.१:८०८१, जसाच्या तसा दिसेल; खऱ्या साईटवर तिथे तुझं खरं डोमेन जाईल. मेलमधली १२७.०.०.१ ची लिंक तिथेच मेली, कारण तुझं ॲप लिंक करताना होस्ट हेडरच वापरतंय. तरी माझं ऐकशील तर मेलमधल्या लिंकेसाठी साईटचा पत्ता सेटिंगमध्ये पक्का लिहून ठेव. होस्ट हेडर बाहेरचा माणूस हवा तो पाठवू शकतो आणि पासवर्ड बदलायच्या लिंकेत परक्याचं डोमेन गेलं तर पंचाईत होईल.

लॉगिनचं असं झालंय. बाहेर कुलूप आहे, म्हणजे ब्राउझर ते इंजिनएक्स हा रस्ता एचटीटीपीएस. इंजिनएक्स ते नोड हा रस्ता साधा एचटीटीपी, आणि एकाच मशीनमध्ये असल्यामुळे तो तसाच असूदे. पण तू सेशनच्या कुकीला (लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली चिठ्ठी) ‘सिक्युअर’, म्हणजे फक्त एचटीटीपीएसवरच जा, असं लावलंयस. एक्स्प्रेस-सेशन बघतं की आपल्याकडे आलेली मागणी साध्या एचटीटीपीवरून आलीय, मग ते सिक्युअर कुकी पाठवतच नाही. ओरडतही नाही, चूक दाखवतही नाही. पासवर्ड बरोबर म्हणून लॉगिन होतं, कुकी नाही म्हणून पुढच्याच पानावर ओळख विसरते आणि पुन्हा लॉगिन. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये ‘एचटीटीपीएस’ असा निरोप गेला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं ॲपमध्ये आहे: एक्स्प्रेसला सांगावं लागतं की मामांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेव. त्या सेटिंगचं नाव ‘ट्रस्ट प्रॉक्सी’, आणि किंमत ‘लूपबॅक’ दे. म्हणजे त्याच मशीनमधून आलेल्या चिठ्ठीवरच विश्वास. नुसतं ‘ट्रू’ देऊ नकोस.

का देऊ नको ते सांगतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर कुणीही बाहेरून लिहून आणू शकतं. ड्रायव्हरनं खिशात आधीच चिठ्ठी लिहून आणायची, ‘मी मालकांचा पाहुणा’, आणि मामांनी तिच्याखाली आपली ओळ लिहून तीच आत द्यायची, असा तो प्रकार. प्रॉक्सी_पॅराम्समधली ओळ नेमकं हेच करते: आलेल्या यादीला शेवटी खरा आयपी जोडते, आधीचं पुसत नाही. ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ला ‘ट्रू’ दिलं की एक्स्प्रेस यादीतलं सगळ्यात डावीकडचं नाव खरं धरतं, म्हणजे ड्रायव्हरनं स्वतः लिहिलेलं. उद्या तू आयपी बघून लॉगिनचे प्रयत्न मोजायला लागलास तर कुणीही दर वेळी नवा आयपी लिहून निसटेल. तुझ्यापुढे दुसरी कुठली प्रॉक्सी नाही, इंजिनएक्स थेट बाहेर उभा आहे. मग या हेडरमध्ये यादी न जोडता सरळ $रिमोट_ॲडर, म्हणजे समोरच्याचा खरा आयपी, भर. जुनी चिठ्ठी फाडायची आणि स्वतःची नवी द्यायची. त्यासाठी प्रॉक्सी_पॅराम्सची आपली एक प्रत काढ, दुसऱ्या नावानं ठेव, आणि तीच इन्क्लूड कर. मूळ फाईलच्या वरखाली हेच हेडर पुन्हा लिहिलंस तर दोन-दोन हेडर आत जातील.

आता ज्या सापळ्यात मी स्वतः दोनदा पडलोय तो. समज, तू ते चार हेडर वर सर्व्हर ब्लॉकमध्ये एकदाच लिहिलेस, छान. इंजिनएक्स ते खालच्या सगळ्या लोकेशनांना वारशानं देतो. पण एखाद्या लोकेशनमध्ये तू प्रॉक्सी_सेट_हेडरची एक जरी ओळ स्वतंत्र लिहिलीस, तर वरचा सगळा वारसा त्या लोकेशनपुरता रद्द होतो. एकच ओळ बदलली असं होत नाही, चारही जातात. तुझ्या फाईलमध्ये भट्टीच्या तापमानाच्या लाइव्ह स्क्रीनसाठी वेगळं लोकेशन आहे, त्यात अपग्रेड आणि कनेक्शन अशा दोन ओळी आहेत. बस, तिथे होस्ट गेला, प्रोटो गेला, सगळं गेलं. म्हणजे बाकी सगळं बरं झालं तरी त्या स्क्रीनवर लॉगिन बिनसू शकेल आणि तू वेबसॉकेटला (लाइव्ह आकडे पाठवणारी कायम उघडी जोडणी) दोष देत बसशील. प्रत्येक लोकेशनमध्ये आपली इन्क्लूडची ओळ आणि खाली जादाच्या ओळी, असंच लिही. दिसायला पुनरुक्ती वाटते, वाटूदे.

वेबसॉकेटचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. नेटकॅटनं दाखवलेलं १.० इथे नडतं. हात मिळवायला एचटीटीपी १.१ लागतं, तेव्हा त्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१ कर. अपग्रेड आणि कनेक्शन तुझे बरोबर आहेत. आणि स्क्रीन दर मिनिटाला तुटून पुन्हा जोडली जाते, ती भट्टीचं तापमान स्थिर असताना जास्त तुटते, हे तू लिहिलंयस. उगाच नाही. मिनिटभर आतून एकही अक्षर आलं नाही की इंजिनएक्स समजतो पलीकडे कुणी नाही. ॲपमधून दर तीस सेकंदांनी पिंग पाठव, झालं.

फोटोचं दोन ओळींत. इंजिनएक्स स्वतःहून १ एमबीपेक्षा मोठी मागणी घेत नाही, ४१३ देऊन परत पाठवतो. आजच्या मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा सहज असतो. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साईज २०एम कर, पण फक्त फोटोच्या लोकेशनमध्ये. त्यानंतरही ४१३ आला तर इंजिनएक्सचा एरर लॉग बघ. तिथे ‘क्लायंट इन्टेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी’ असं असेल तर अडवणूक गेटवर. नसेल तर ती ॲपची. एक्स्प्रेसचा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) वाचणारा भाग १०० केबीवरच हात वर करतो, आणि फोटो बेस६४ (अक्षरांच्या रूपात) करून जेसनमधून पाठवायची सवय असेल तर तिथे हमखास अडकतो.

आता ५०४, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. तू रिपोर्टच्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी_रीड_टाइमआऊट (आतल्या उत्तराची वाट किती बघायची) ६०० सेकंद केलास. तक्रार बंद झाली का? झाली असेल. रोग मात्र आत गेला.

मुळातले ६० सेकंद म्हणजे पूर्ण उत्तराला दिलेला वेळ नव्हे. आतून दोन वेळा काहीतरी वाचायला मिळण्याच्या मधला वेळ. आतलं ॲप दर दहा सेकंदांनी थोडं थोडं पाठवत राहिलं तर तासभर सुद्धा ५०४ येणार नाही. तुझा रिपोर्ट सगळी बेरीज करून शेवटी एकदम उत्तर देतो, म्हणून मामा मिनिटभर फोन कानाला लावून बसतात आणि ठेवून देतात. ६०० केल्यावर दहा मिनिटं बसतील. पण बाहेरचा सुपरवायझर दहा मिनिटं बसणार आहे का? तो दुसऱ्या मिनिटाला रिफ्रेश दाबतो. ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ दिसताहेत ना, तेच ते. हा आकडा एचटीटीपीच्या प्रमाणित यादीत नाही, इंजिनएक्सनं स्वतःसाठी ठेवलाय: उत्तर यायच्या आत गिऱ्हाईक उठून गेलं. इंजिनएक्स मग आतलं कनेक्शन तोडतो, पण तुझ्या नोडनं डेटाबेसला दिलेलं काम तसंच चालू राहतं. सुपरवायझरनं पाच वेळा रिफ्रेश दाबलं की तोच महिन्याचा रिपोर्ट डेटाबेस पाच वेळा एकदम काढायला बसतो, आणि मग सगळ्यांचंच ॲप हळू होतं. मालक म्हणतो सर्व्हर वाढव. सर्व्हर कशाला वाढवायचा?

लॉगचा फॉरमॅट बदल आणि त्यात चार गोष्टी घाल: $रिक्वेस्ट_टाइम, $अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम, $अपस्ट्रीम_ॲडर, $अपस्ट्रीम_स्टेटस. पहिला आकडा गिऱ्हाईक गेटवर आल्यापासून जाईपर्यंतचा, दुसरा आतल्या ॲपनं घेतलेला. दोन्ही मोठे आणि सारखे असतील तर दुखणं आत आहे. पहिला ४८ आणि दुसरा ०.३ असेल तर तुझं ॲप बिचारं निर्दोष आहे, पलीकडचं नेटवर्क रडतंय. भट्टीजवळच्या शेडमधून मोबाईलवर फोटो चढवताना असेच आकडे येतात, कारण इंजिनएक्स आधी सगळा फोटो स्वतःकडे गोळा करतो आणि मगच आत देतो. हळू मोबाईलमुळे तुझं नोड अडकून पडत नाही, ही प्रॉक्सीची मोठी कमाई. इगोर सिसोएव्हनं इंजिनएक्स लिहायला घेतलं तेच एका मशीनवर हजारो हळू जोडण्या सांभाळायच्या म्हणून. २००४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

तुझ्या रिपोर्टचे दोन्ही आकडे मोठे येतील, पैजेवर सांगतो. डेटाबेसमध्ये हीट नंबरच्या रकान्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे का बघ. नसेल तर घाल, बहुतेक तेवढ्यातच मिनिटाचं काम दोन-तीन सेकंदांवर येईल. त्यानंही भागलं नाही तर रिपोर्ट मागच्या मागे तयार होऊदे. मागणी आली की लगेच ‘घेतली’ म्हणून उत्तर द्यायचं, आणि तयार झाला की लिंक दाखवायची. टाइमआऊट परत ६० वर आण. तो लहान असलेलाच बरा, दुखणं लवकर कळतं.

५०२ अजून आलेला नाही म्हणतोस, येईल. त्याचा अर्थ मामांनी फोन केला आणि आतून कुणी उचललाच नाही, किंवा उचलून भलतंच बोललं. एरर लॉगमध्ये ‘१११: कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर ॲप बंद आहे किंवा दुसऱ्याच पोर्टवर आहे. तिथे पत्त्यात चौकटी कंसात दोन विसर्गांसारखे ठिपके आणि १ दिसला तर तो आयपीव्ही६ आहे. प्रॉक्सी_पासमध्ये लोकलहोस्ट लिहिलं की इंजिनएक्स दोन्ही पत्ते धरतो आणि तुझं ॲप त्यातल्या एकावरच बसलेलं असतं. म्हणून तिथे लोकलहोस्ट कधी लिहू नकोस, १२७.०.०.१ लिही. ‘१३: परमिशन डिनाइड’ दिसलं तर ते रेड हॅटच्या घराण्यातल्या मशीनवर एसईलिनक्स या सुरक्षा-पहाऱ्याचं काम, तुझं उबुंटू आहे, तुला तो ताप नाही. आणि ‘टू बिग हेडर’ असेल तर कुकी किंवा टोकन फुगलंय. प्रॉक्सी_बफर_साईज वाढवून वेळ मारून नेता येते, पण एवढं काय भरलंय कुकीत ते आधी बघ.

फाईल बदलली की आधी ‘इंजिनएक्स -टी’, मगच रिलोड. रिस्टार्ट नको. रिलोडमध्ये जुने कामगार हातातलं काम संपवून जातात, नवे नव्या फाईलवर उभे राहतात, आणि फाईलमध्ये चूक असेल तर जुनेच चालू राहतात. रिस्टार्टमध्ये आधी सगळे घरी जातात आणि मग चूक सापडते. माझ्या एका सेमीकोलनमुळे एका गिऱ्हाइकाचं बिलिंग भर दुपारी वीस मिनिटं बंद होतं. त्या वीस मिनिटांत किती फोन आले ते सांगत नाही.

अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर हेच करायचं कुणी सांगितलं तर करता येतं. प्रॉक्सीपास, प्रॉक्सीपासरिव्हर्स आणि होस्ट टिकवायला प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट. फक्त ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स’ ऑन करू नकोस. नावावरून वाटतं की हे लागणारच. मला पण वाटलं होतं, नवीन असताना. त्यानं सर्व्हर जगभराची फुकट प्रॉक्सी होतो, कुणीही तुझ्या नावावर कुठेही जाऊन येतो. आम्हाला कळलं ते महिन्याच्या शेवटी, डेटाचं बिल आल्यावर.

एक शेवटचा मुद्दा, तू विचारला नाहीस तरी. ॲप उद्या फौंड्रीच्या ऑफिसातल्या मशीनवर न्यायचं मालकांच्या डोक्यात आहे असं तू लिहिलंयस. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठव. पंचगंगेच्या पाण्यानं शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. वीज गेली, इंटरनेट गेलं, आणि मशीनपर्यंत जायला रस्ताच नाही. माझी एक साईट तशीच होती. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना ब्राउझरमध्ये नुसतं कोरं पान दिसत होतं, त्यांना वाटलं कंपनीच गुंडाळली. ॲप हवं तिथे ने, पण इंजिनएक्स बाहेरच्या भाड्याच्या मशीनवरच ठेव. त्यात एरर_पेज ५०२ आणि ५०४ साठी एक साधं एचटीएमएल पान लाव: आज काम बंद आहे, माल निघायला उशीर होईल, या नंबरवर फोन करा. आतलं मशीन पाण्यात असलं तरी ते पान उघडतं, कारण ते गेटवरच ठेवलेलं असतं. तिथून आत जायचा रस्ता मग उघड्या इंटरनेटवरून जाईल, तेव्हा तो वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून ने. साध्या एचटीटीपीला मी वर जी सूट दिली ती एकाच मशीनपुरती होती. आणि ‘लूपबॅक’च्या जागी बोगद्याच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता लागेल.

आणि आज संध्याकाळी एवढं कर. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर जा आणि ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी आणि पुढे :३००० टाईप कर. ॲप उघडलं तर पुढे गेट, मामा सगळं आहे, पण मागची भिंतच बांधलेली नाही. वर सांगितलेलं एकही कुलूप तिथे लागत नाही. नोडला १२७.०.०.१ वरच ऐकायला लाव. डॉकरमध्ये (ॲप डब्यात बंद करून चालवायचं साधन) चालवत असशील तर पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ जोड. डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलच्या, नियमांना वळसा घालून बाहेर जातो, त्यामुळे ‘फायरवॉल आहे की’ यावर अवलंबून राहू नकोस.

एवढं करून अडलास तर नेटकॅटनं छापलेलं आणि एरर लॉगच्या शेवटच्या वीस ओळी पाठव. स्क्रीनचा फोटो नको, अक्षरं पाठव.